अण्णांची सम

माझ्या प्रबंधात चोवीस चिजा आहेत. चीज म्हणजे ख्यालात गातात ती बांधलेली रचना, दोन-चार ओळींची. तेवीस चिजांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. भांडण झालं ते एकाच चिजेवरून, आणि त्या प्रकरणात पहिली चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

ती चीज तामलवाडीच्या अण्णांची. किराणा दुकान चालवतात, घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलतात, आणि सोमवारी मठातल्या भजनानंतर एक-दोन चिजा गातात. चिजा वडिलांकडून आलेल्या, वडिलांना कुणा गवयाकडून. कागदावर कधीच नव्हत्या. आमच्या जिल्ह्यात लोकांच्या तोंडी राहिलेल्या अशा जुन्या चिजा लिहून काढायच्या, असा माझा विषय होता. पहिल्यांदा गेले तेव्हा अण्णा गूळ जोखत होते. माझी पिशवी, वही, फोन बघून म्हणाले, "कोणत्या कंपनीच्या, म्याडम? साबणवाले कालच येऊन गेले."

मी संशोधनाचं सांगितलं. आतून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "छापणार व्हय? मग सदरा तरी बदला आधी."

अण्णा द्यायला तयार झाले, पण एक अट घातली. "म्या जशी म्हणतो तशी लिवा. माझ्या बापाची हाय. वरून मीठ-मसाला न्हाय लावायचा."

मी मान डोलावली. आणि नेमका तोच मीठ-मसाला लावला.

कसा लावला ते समजायला तालाचं थोडं सांगावं लागेल. तीनतालात सोळा मात्रा असतात. सोळा मोजून झाल्या की एक आवर्तन होतं, आणि पुन्हा एकवर आलं की ती सम. चीज फिरून फिरून समेवर येते आणि ऐकणाऱ्यांच्या माना तिथं हलतात. अण्णांच्या चिजेत वाट बघणारी बाई आहे: डोळे वाटेकडे लागलेत, साजण अजून आलेला नाही. अशा ओळीत सम साजणाच्या नावावर यावी, असं शिकलेल्या कुणालाही वाटेल. त्यासाठी ओळ नवव्या मात्रेपासून उचलावी, म्हणजे सुरू करावी, लागते, आणि पुस्तकातल्या बहुतेक चिजा तिथूनच उचललेल्या असतात. अण्णा अकराव्या मात्रेपासून उचलतात. त्यामुळं सम वाटेवरच, म्हणजे त्या शब्दावरच, येऊन पडते आणि साजण दोन मात्रांनी मागून येतो.

मठात केलेल्या ध्वनिमुद्रणात हे स्वच्छ ऐकू येत होतं. तरी मी स्वरलिपी लिहिताना ओळ दोन घरं, म्हणजे दोन मात्रा, डावीकडं सरकवली. मठातले तबलजी वयानं थकलेले, तेच मागं पडत असतील आणि अण्णा त्यांना सांभाळून घेत असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पेन थांबलंसुद्धा नाही. चीज व्यवस्थित बसली, आणि मला काहीतरी नीट केल्याचं समाधान वाटलं.

याचं कारण मला नंतर उमगलं. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. ईट गावच्या शाळेत एका गुरुजींनी मला मात्रा मोजायला शिकवलं, बोटाच्या पेरांवर. पुढं भूमच्या वाचनालयात संगीतशास्त्राचं एक पुस्तक मिळालं, त्याचे कोपरे मी वाचून वाचून मऊ केले. आज मी जिथं आहे तिथं मला छापील पानांनी आणलं. त्या पानांचे उपकार मी आजही मानते. पण उपकार इतके मानले होते की कान एक सांगत असताना मी पुस्तकाचं ऐकलं.

लिहिलेली चीज दाखवायला मी पुन्हा तामलवाडीला गेले. अण्णांना स्वरलिपी वाचता येत नाही, म्हणून हातानं ताल देत गाऊनच दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्याच आवर्तनाला त्यांनी डोळे उघडले.

"चांगली हाय. कुणाची?"

"तुमचीच, अण्णा."

"माझी न्हाय."

"शब्द तेच आहेत, सूर तेच आहेत..."

"असतील की. माझी बंडी उचलून तुमच्या शेतात नेऊन हुबी केली, तर बैल तेच असतील. धरा टाळी."

मी टाळी धरली. ते गायले. सम आली तशी माझी टाळी आणि त्यांचा वाटेवरचा स्वर एकदम पडला. चार आवर्तनं झाली, चारही वेळा तसंच. तबलजींचा काहीच दोष नव्हता.

"सम अशी आधी का येते, अण्णा?"

"मला काय ठाव? बापानं अशीच दिली. म्या इचारलं असतं तर कानफटात बसली असती."

मंडळी आतून म्हणाल्या, "आता तिला तरी नका मारू."

मला हसायला आलं नाही. शब्द देऊन मी तो मोडला होता, आणि मोडलाय हे मला कळलंही नव्हतं. त्या संध्याकाळी धाराशिवच्या खोलीवर परत येऊन मी ते पान फाडलं आणि पुन्हा लिहिलं. पुढचे तीन सोमवार मठात जाऊन ध्वनिमुद्रण केलं. तबला तिथंच पडत होता. झांजा तिथंच पडत होत्या. खाली बसलेल्या बायांच्या माना तिथंच हलत होत्या.

मग तोंडी परीक्षा आली. बाहेरून आलेले परीक्षक स्वतः चांगले गवई, सभ्य माणूस. त्यांनी ते पान उघडलं आणि म्हणाले, "ही सम घसरलेली आहे. तोंडी परंपरेत असं होतं. मूळ रूप नवव्या मात्रेचं असणार. ते वर द्या, यांचं खाली तळटिपेत."

"सर, घसरलेली चीज दर वेळी त्याच जागी घसरत नाही. तीन सोमवार मी मोजलंय."

"सवय लागते चुकीचीही. ग्रंथात आधार आहे का याला?"

"ग्रंथात नाही. म्हणूनच प्रबंधात आहे."

माझ्या मार्गदर्शक बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी टेबलाखालून माझा पदर ओढला. पण तामलवाडीच्या दुकानात मी एकदा लाजेनं मान खाली घातली होती. पुन्हा घालायची नव्हती. मी म्हणाले, "सर, मी गाते, आपण ताल द्या."

त्यांनी ताल दिला. पहिल्या आवर्तनाला त्यांचा हात साजणाकडं गेला आणि हवेतच राहिला. दुसऱ्यांदा ते थबकले. तिसऱ्यांदा हात वाटेवर पडला, आणि त्यांची मानही हलली. ती मी बघितली. बाईंनीही बघितली.

"गाता येतं," ते म्हणाले, "म्हणून शास्त्र होत नाही." आणि त्यांनी अहवालात लिहिलं: सदर पानावर दुरुस्ती करून प्रबंध पुन्हा सादर करावा, मगच पदवी.

घरी फोन केला. आई म्हणाली, "दोन रेघा सरकवायच्या तर सरकव की. एवढी वर्षं शिकलीस, आता काय अडून बसतीस?" तिचं चुकत नव्हतं. पदवी मिळाली तर नोकरीचा अर्ज करता येणार होता, आणि गावात ती सगळ्यांना आधीच सांगून बसली होती. मी म्हणाले, "आई, त्या दोन रेघा माझ्या नाहीत." ती म्हणाली, "जेवलीस का?"

पुढच्या महिन्याभरात मी प्रबंधातल्या सगळ्या खऱ्या चुका दुरुस्त केल्या. मुद्रणाच्या, संदर्भांच्या, एका रागाच्या आरोहातली माझीच एक. अण्णांच्या चिजेवर नवं प्रकरण लिहिलं. त्यात माझ्या सरकवलेल्या पानाची हकीकतही घातली, कारण शिकलेला माणूस नकळत काय करतो याचा तोच पुरावा होता. चिजेच्या पानावरची एक मात्राही हलवली नाही.

प्रत घेऊन बाईंकडं गेले. दुरुस्ती पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर त्यांची सही लागत होती. त्यांनी आधी तेच पान उघडलं.

"बदललं नाहीस."

"नाही, बाई."

"मग 'दुरुस्ती केली' यावर मी सही कशी करू? मला खोटं लिहायला सांगतेस?"

"नाही. दुरुस्ती केली नाही, असं लिहा."

त्यांनी चष्मा काढला. "तुला कळतंय ना, हे परत येऊ शकतं? वर्ष जाईल."

"जाऊ दे."

बाईंनी पान पुन्हा पुढ्यात ओढलं. दोन बोटांनी टेबलावर ताल देत होत्या, ओठात काहीतरी मोजत. मग दाखल्यावरची छापील ओळ खोडली आणि तिच्यावर हातानं लिहिलं: या पानावर दुरुस्तीची गरज नाही, मी स्वतः ताल देऊन पाहिले आहे. खाली सही केली आणि दाखला माझ्याकडं सरकवला.

"आता तुझ्याबरोबर माझं नावही अडकलं," त्या म्हणाल्या. "जा, देऊन ये. पाचला विद्यापीठाची खिडकी बंद होते."