तिघांची होडी आणि वीतभर पाणी

"भाऊजी, हे गेले... सकाळी चहा मागितला, आणि मी आणेस्तोवर संपलं सगळं." शालिनीवहिनी फोनवर इतकंच बोलल्या, मग म्हणाल्या, "होडीची बॅटरी चार्जिंगला लावून ठेवलीय त्यांनी. काढू का?" मी नशिराबादला ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. "काढा," म्हणालो. मग दिवसभर मला वाटत राहिलं की निदान "राहू द्या" म्हणायला हवं होतं.

नाना, म्हणजे वहिनींचे 'हे', मूळचा धुळ्याकडचा. नोकरीसाठी दीपनगरच्या वीजकेंद्रात आला, पंपांच्या विभागात लागला, तिथेच निवृत्त झाला आणि भुसावळला घर बांधून राहिला. मी शाळेत भूगोल शिकवायचो. आमची ओळख झाली ती पक्ष्यांमुळे. हतनूर धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात बाहेरून थवे उतरतात, ते बघायला मी काठाकाठानं हिंडायचो, आणि हा गृहस्थ एका मच्छीमाराकडून घेतलेल्या सपाट बुडाच्या होडीत बायकोला बसवून मजेत वल्हवत चाललेला असायचा. एकदा त्यानंच हाक मारली, "सर, चिखलात काय उभे? या की आत!" त्या दिवसापासून होडीत आम्ही तिघं झालो.

फुगवट्याच्या एका अंगाला एक टेकाड आहे. त्याच्या पलीकडून पहाटे पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येतो, पण पक्षी दिसत मात्र नाहीत. जमिनीवरून जावं तर काळ्या मातीचा गाळ, माणूस मांडीपर्यंत रुततो. पाण्यातून जावं तर टेकाडाच्या तोंडाशी एक उंचवटा, त्यावर जेमतेम वीतभर पाणी. नाना म्हणायचा, कादंब आहेत, ती हंसासारखी मोठी बदकं. मी म्हणायचो, करकोचे. हा वाद आम्ही वर्षानुवर्षं घातला, कधी तर चिडून अबोला धरेपर्यंत. वहिनी डब्यातली कळण्याची भाकरी वाटता वाटता म्हणायच्या, "अहो, जाऊन बघा ना एकदाचं!"

मग नानाच्या हृदयात स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी वल्हं बंद केलं. मला वल्हवता येत नाही, मी दोनदा आम्हाला गोल फिरवून परत काठाला लावलं होतं. म्हणजे आता इंजिन हवं, नाहीतर टेकाडाचं गुपित टेकाडापाशीच राहणार. नाना कामाला लागला, आणि त्या माणसाचा उत्साह असा की आजारी तो होता आणि दमायचो मी.

पहिल्यांदा त्यानं होडीच्या मागे लटकवायचं पेट्रोलचं जुनं इंजिन आणून पाहिलं. त्याचा पंखा पाण्यात हातभर खोल जायचा. खोल पाण्यात झकास चाललं, पण उथळ लागलं की पंखा गाळ नांगरायला लागे, आणि शेवाळ तर असं गुंडाळलं जाई की सुरीनं कापून काढावं लागे. ते परत गेलं. मग नानाच्या डोक्यात आलं, पंखाच नको! "अरे, जन्मभर पंप चालवले मी. खालून पाणी ओढायचं, मागे फेकायचं, होडी पुढे. पंख्याची कटकटच नाही." फैजपूरला त्याच्या मेव्हण्याची केळीची बाग आहे, तिथला इंजिनपंप त्यानं उचलून आणला आणि होडीच्या बुडाला चक्क भोक पाडलं. मी म्हटलं, "नाना, होडीला भोक पाडणारा तू पहिलाच." तो ऐकतोय कसला. दहा हात होडी सुसाट गेली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि पंपानं गाळ नि शेवाळ एका घोटात ओढून दम तोडला. हा बाबा मात्र भर पाण्यात बसून, शेतात करतात तसा, मग्गे भरभरून पंपात पाणी ओतत होता. दुसऱ्या कुणाला पंप गाळानं तुंबल्याचं लगेच कळलं असतं. यानं 'हवा धरली असेल' असं ठरवलं. वहिनी हसून हसून आडव्या झाल्या. शेवटी एका मच्छीमारानं दोरी टाकून आम्हाला ओढून आणलं.

बुडाचं भोक बुजवलं. त्यानंतर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन, त्याला लांबलचक दांडा आणि टोकाला छोटा पंखा. दांडा तिरका धरला की पंखा पाण्याच्या वरच्या थरातच फिरे, शेवाळावरून सरळ पुढे. चालीला हेच सगळ्यात सरस होतं. पण आवाज! आम्ही टेकाडाच्या जवळपासही नव्हतो, तोवर फुगवट्यातले पक्षी झाडून उडाले. नानानं इंजिन बंद केलं. "मंग दखानं काय, आपलं डोकं?" एवढंच म्हणाला. चिडला की त्याची अहिराणी बाहेर यायची; आता बघायचं काय, असं विचारत होता.

शेवटी विजेवर चालणारी मोटर आली. ताकद बेताची, पण आवाज जवळजवळ नाहीच, आणि कळ सैल केली की दांडा वरखाली सरकवून पंखा हवा तेवढाच बुडवता येई. सुकाणू वहिनींच्या हातात दिलं, कारण डावं-उजवं मला उलटं होतं आणि नानाला दुर्बिणीतून डोळा काढवत नव्हता. जड बॅटरी बदलून त्यानं हलकी घेतली, फळकुटंही तासून पातळ केली. तरी उंचवट्यावर होडीचं बूड घासायचंच. दोन हात राहिले की खर्रर्र... आणि थांबायची. बांबूनं रेटावं तर बांबूच गाळात रुतायचा. "आठे बठ्ठा गाळ शे," इथे सगळा गाळच, म्हणून नाना करवादायचा, आणि आम्ही मागे फिरायचो. त्याची शेवटची खेप अशीच परतली.

नाना गेल्यावर त्याच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. वहिनी होडी विकून टाका म्हणत होत्या. मीही हो म्हणालो, पण गिऱ्हाईक बघायला काही गेलो नाही. मग परवा त्यांचाच फोन आला, "थंडी सरत आली भाऊजी, पक्षी जातील. येता का?"

आम्ही निघालो. मी पुढे, वहिनी मागे मोटरपाशी, मधली फळी रिकामी. थोडं गेल्यावर मोटर फुरफुरायला लागली. होडी वर उचलली गेली होती, पंखा हवा खात होता. वहिनींनी कळ सैल करून दांडा खाली सरकवला. उंचवटा आला. मी सवयीनं काठ धरून बसलो, आता घासणार म्हणून... घासलंच नाही! होडी अलगद त्यावरून पार झाली. एवढा हिशेब केला आम्ही, बॅटरी हलकी केली, फळकुटं तासली, पण एक माणूस काठावर उतरवावा हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

"त्यांच्या आलं होतं," वहिनी हळूच म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं, तुम्ही दोघं जा, मी बसते काठाला. तर चिडले. म्हणाले, तू नहीं तं सांगानं कोनले? आणि तुम्हाला उतरवायचं तर, म्हणाले, मंग भांडानं कोनसंगे?"

टेकाडाला वळसा घालून पलीकडे आलो. घोटाभर पाण्यात करकोचेच करकोचे, राखाडी, लांब मानेचे, आपापसात कलकलत उभे. मी जिंकलो होतो. रिकाम्या फळीकडे बघून मी मोठ्यानं ओरडलो, "करकोचे आहेत नाना, करकोचे!" आणि सगळा थवा उडाला.