चारही चाकांना काम

"घाई असेल तर चालत जा." काकांच्या हावड्याच्या गॅरेजात कुणी 'कधी होईल?' असं विचारलं, की काका पान्यानेच रस्ता दाखवत. गिऱ्हाईक चिडे. काका पुन्हा गाडीखाली जात. बाहेर उरत ते फक्त त्यांचे फौजी बूट.

फोर्ट विल्यमच्या फौजी वर्कशॉपात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर साताऱ्याला परतले नाहीत, कारण त्यांच्या मते तिथे दुरुस्त करण्यासारखं फारसं काही बिघडत नव्हतं. मी कोलकात्यातच जन्मलेली, तेव्हा वीस वर्षांची, प्रवासी समितीची पत्रकं लिहिणारी. माझं बोलणं ऐकून ते म्हणत, "पोरी, तुझ्या मराठीचे चार दात झिजलेत."

हावड्याच्या पुलावर बंद पडलेल्या बसमध्ये तुम्हीही कधी घामाघूम उभे राहिला असाल. मी त्यावर पत्रक काढलं: 'पुलावरची बस कोण ओढणार?' वाहतूक कार्यालयातले साहेब म्हणाले, भरलेली बस चढावरून ओढून दाखवणारी गाडी आणा, तिला काम देऊ. काकांकडे फौजेच्या लिलावातली जुनी पिकअप होती. गॅरेजात कामच उरलं नव्हतं. हे मिळालं नाही, तर टाळं लागणार होतं.

पिकअप धावायला चांगली, ओढायला नालायक. काकांनी मागचा आस उघडला. आत दातांच्या चाकांची जोडी असते, मिस्त्री तिला क्राउन-पिनियन म्हणतात. ती बदलली, की गाडीच्या चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन जास्त फेरे घेतं. वेग जातो, जोर येतो. मल्लिकबाजारच्या भंगारात हवी तशी जोडी एकच मिळाली. ती मागे बसली. पुढचा आस जुन्याच दातांवर राहिला.

"हा लाल दांडा पुढच्या चाकांना जोर देतो," काकांनी बजावलं. "याला हात लावायचा नाही. आता पुढची एका हिशेबाने फिरतील, मागची दुसऱ्या. गाडी स्वतःशीच भांडेल."

"म्हणजे मागच्या दोघांनी राबायचं आणि पुढच्या दोघांनी नुसतं मिरवायचं?"

"अगं, चाकं आहेत ती, जमीनदार नाहीत!"

चाचणीच्या दिवशी बस माणसांनी गच्च भरली. समितीची साक्षीदार म्हणून मी काकांशेजारी बसले. चढावर पिकअप कण्हली, पण ओढू लागली. मग ट्रामच्या रुळांवर मागची चाकं घसरली. मी खिडकीतून वाकून पाहिलं. पुढची दोन्ही खुशाल हवा खात होती! हा उघड अन्याय होता. मी लाल दांडा खेचला.

पिकअपने दोन बेडूकउड्या मारल्या, खालून धाडकन आवाज आला आणि सगळं थांबलं. मागून कंडक्टर ओरडला, "ओ दादा, की होलो? काय झालं?"

साहेब पळत आले. "दांडा कुणी ओढला?"

मी तोंड उघडेपर्यंत काका म्हणाले, "माझा हात लागला."

साहेबांनी कागदावर शेरा मारला: 'चालक निष्काळजी.' फौजेत बावीस वर्षांत ज्यांच्या नावावर एक लाल रेघ नव्हती, त्यांनी तो शेरा वाचला आणि खाली सही केली. मग ते गाडीखाली सरपटले, पुढच्या चाकांना फिरवणारा मोडका शाफ्ट काढून माझ्या मांडीवर ठेवला. "धर. आणि भाषण नको." मग रुळांवरून जरा बाजूला घेत, मागच्या दोन चाकांवरच त्यांनी बस पुलापार नेली. काम मिळालं.

"काका, मी उद्याच पत्रक काढते. चूक माझी होती."

"काढ. मग साहेब म्हणेल, दांडा पोरीच्या हाताशी सोडणारा मिस्त्री नको. त्यापेक्षा शेरा परवडला."

मी पत्रक काढलंच नाही. समितीत यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

सात वर्षं काकांनी बंद बसगाड्या ओढल्या. मागच्या पौषात ते गेले. तेरावं झाल्यावर मी वाहतूक कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहिले. "शेरा चुकीचा आहे, खोडा," मी म्हटलं.

खिडकीतले बाबू म्हणाले, "दीदी, माणूसच नाही. आता तो शेरा कुणाला टोचतोय?"

"मला."

मागची रांग मला शिव्या घालू लागली, तेव्हा कुठे त्यांनी वैतागून फाईल पुढे सरकवली. मी 'चालक निष्काळजी'वर रेघ मारली आणि शेजारी, दांडा ओढणारी म्हणून, माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली काकांची सही होती, आणि तिच्यावर अंगठ्याएवढा ग्रीसचा डाग, अजून चिकट.