चंद्रीच्या गळ्यातला पट्टा

ताक घुसळता घुसळता धुरपदाची रवी थांबली. लोणी आता कुठं वर यायला लागलं होतं. पण बाहेर ओट्यावर तिचे यजमान हौसराव फोनवर म्हणत होते, "या पोपटराव, दुपारी या. चंद्रीचं ठरवूनच टाकू."

पोपटराव म्हणजे गुरांचे दलाल. धुरपदा तशीच बाहेर आली.

"चंद्रीला काय धाड भरलीया? वैरणीची काडी शिल्लक ठेवत न्हाई ती!"

"पाच दिस झालं, मोबाईल लाल दावतोय. खाली लिवलंय, गाय ठेवण्याजोगी न्हाई."

राहू गावातल्या त्यांच्या गोठ्यात दोनच गाई, चंद्री आणि सोनी. दसरा झाल्यावर दोघींच्या गळ्यात कंपनीचे पट्टे आले. पट्टा गाईवर लक्ष ठेवतो आणि त्यातलं यंत्र आपल्या बुद्धीनं मोबाईलवर सल्ला देतं, असं हौसरावांना सांगितलं होतं. धुरपदाला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. शेणघाण तिनं काढायची, धार तिनं काढायची आणि बोलणार कोण, तर पट्टा! त्यातून पोपटराव आणि पट्ट्यांच्या कंपनीचे लोक केडगावला एकाच टेबलावर चहा पिताना तिनं डोळ्यांनी पाहिले होते.

दुपारी पोपटरावांच्या मागोमाग कंपनीचे सत्यजीतही आले, तेव्हा तिची खात्रीच झाली. ती दावणीपुढं आडवी उभी राहिली.

"साहेब, का इकायची ते सांगा, मग दावं सोडते."

"मावशी, एआय सांगतंय."

"कशावरनं सांगतंय?"

"ते आतलं असतंय. आम्हालाबी दिसत न्हाई."

"मग तुम्ही कशाचे साहेब? देवऋषीसुदिक नाडी बघितल्यासारखं तरी करतो!"

पोपटराव फिस्सकन हसले. सत्यजीतांनी ओशाळून ऑफिसला फोन लावला. बराच वेळ 'हो सर, हो सर' झाल्यावर म्हणाले, "पट्टा रवंथ मोजतो, मावशी. चंद्रीचं रवंथ निम्म्यावर आलंया. आन् सारखी बसून असती."

धुरपदानं मागं पाहिलं. चंद्री उभी राहून निवांत रवंथ करत होती. बसून होती ती सोनी. दोन दिवस धारेच्या वेळी दूधही तिनंच चोरलं होतं.

धुरपदाला एकदम आठवलं. वसुबारसेला पूजेच्या वेळी गळ्यात प्लास्टिक नको म्हणून तिनं दोन्ही पट्टे काढून ठेवले होते. पूजा झाल्यावर घाईत परत बांधले. पट्टा काढायचा नाही अशी कंपनीची ताकीद, म्हणून कुणाजवळ बोलली नव्हती. आता बोलावं तर चारचौघांत शोभा, न बोलावं तर चंद्री जाणार.

ती बोलली. सत्यजीतांनी पट्ट्यांवरचे नंबर ताडून पाहिले. अदलाबदल झालीच होती.

"आठ दिस तोंड उघडलं न्हाईस?" हौसराव कडाडले.

"चुकलं माझं. पण कशावरनं म्हणतंय ते या यंत्रानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर तवाच ध्यानात आलं असतं माझ्या. नुसतं लाल दावून गाय इकायला निघालं!"

"मग वहिनी, सोनी देता का?" पोपटरावांनी विचारलं.

"सोनीला डॉक्टर लागतोय, गिऱ्हाईक न्हाई."

सत्यजीत मोबाईलमध्ये नावं बदलू लागले. बदलून होईपर्यंत धुरपदा त्यांच्या बोटांकडं टक लावून बघत राहिली. मग तिनं चपला घातल्या आणि सोनीसाठी गुरांच्या डॉक्टरांना बोलवायला ती दवाखान्याकडं निघाली.