उरणची उलटी होडी

"पेंटर, खाली उतरा! माझी होडी पळून चाललीय!"

उरणच्या नव्या दुकानासमोर बाबूशेट माझी शिडी गदागदा हलवत होते. मी ब्रश दातांत धरला आणि दोन्ही हातांनी पाटीला मिठी मारली. खाली गर्दी जमली. मला गर्दी आवडते, पण पाय जमिनीवर असताना.

बाबूशेटचं मूळ दुकान पनवेलला. तांदूळ, कंदील, सुतळी, सगळं एकाच छपराखाली. पाटीवर शिडाची होडी. आगरी-कोळी गिऱ्हाईक नाव वाचत बसत नसे, सरळ 'होडीवाल्याकडे' जाई. कर्जतला दुसरं दुकान निघालं, तेव्हा मी पत्रा कापून होडीचा छाप केला. छाप पाटीवर ठेवायचा, वरून रंग मारायचा. प्रत्येक होडी दुसरीची जुळी बहीण.

पनवेल-कर्जतला पाटी दाराच्या डावीकडे होती. त्यामुळे होडी दारात शिरताना दिसे. उरणच्या सुताराने पाटी उजवीकडे ठोकली आणि तीच होडी दाराकडे पाठ करून निघाली.

"लक्ष्मी भरून बाहेर नेतेय ती. फिरवा!"

मी छाप उलटा ठेवला. होडी फिरली, शेट खूश.

मग शेटचा मुलगा वसंत मुंबईत शिकून धंद्यात आला. त्याला चहाच्या पुड्यांवर होडी छापायची होती, ट्रेडमार्क घ्यायचा होता. म्हणजे हे चिन्ह फक्त आमचं, अशी सरकारात नोंद.

"बाबा, एका कंपनीच्या दोन होड्या कशा चालतील? उरणची बदला."

"दारातून बाहेर जाणारी होडी मी लावणार नाही."

"मग उरण तुम्हीच सांभाळा!"

"सांभाळतो! पनवेल-कर्जत तुला लखलाभ."

दुकानं फुटायची वेळ आली. मी तोडगा काढला: समोरून येणारी होडी! डावी नाही, उजवी नाही. नवी पाटी रंगवली, उरणच्या दुकानात दोघांना उभं केलं आणि नाटकाचा पडदा सारावा तसं फडकं ओढलं.

तांदूळ घ्यायला आलेली हिराबाई कोळीण पुढे वाकली. "पेंटरदादा, ही नारलाची करवंटी हाय का?"

बापलेक पोट धरून हसले. दोघांना एकत्र हसताना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच.

"शेट, होरीचं तोंड कुटं बी करा," हिराबाई म्हणाली, "आमाला तांदूल बरा द्या."

ते कुणी ऐकलं नाही. वाटण्या झाल्या. उरणला दुसरी होडी असताना 'फक्त आमचं' म्हणता येईना, म्हणून वसंतने होडीच काढून टाकली आणि वर्तुळात आपली आद्याक्षरं लावली. पनवेलची गिऱ्हाइकं होडी शोधत पुढच्या दुकानात गेली. इकडे एकट्या शेटना उरण झेपेना. त्यांनी दुकान विकलं. मला म्हणाले, "पेंटर, होडी खरवडू नका. वरूनच रंग मारा."

नवा मालक कापडवाला. पाटी बघून तो सुताराला म्हणाला, "इकडे ऊन फार लागतं. डावीकडे घ्या."

सुताराने खिळे उपटले, पाटी दाराच्या डावीकडे ठोकली आणि विडी पेटवली. माझा चहा अजून गरम होता.

मी बघतच राहिलो. इथे पनवेलची होडी, छाप न उलटवता, सरळ दारात शिरली असती.

बाबूशेटना मी हे कधीच सांगितलं नाही. पेंटरला विचारलं, तर पेंटर रंगातलंच उत्तर देणार. आम्ही सुताराला विचारायला हवं होतं.