थंडीत न अडकणारी रायफल

ही गोष्ट मी अर्धी खूप जणांना सांगितली आहे. ऑफिसात कुणी नवीन आलं की जुन्यांपैकी एखादा म्हणतोच — तुझ्या त्या फौजी काकांचं सांग ना — आणि मी सांगते. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. मी तिथेच थांबते. पुढची अर्धी कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आज तुला सांगते आहे. का, ते विचारू नकोस — मलाही नीट माहीत नाही.

आधी माझं काम सांगते, नाहीतर तुला काहीच कळायचं नाही. अंधेरीला, मरोळच्या बाजूला एका काचेच्या इमारतीत आम्ही युद्धाचे गेम बनवतो. ढगातून खाली बघावं तसा खेळणारा डोंगर, नद्या, खिंडी बघतो आणि मोहरीएवढ्या सैनिकांच्या तुकड्या इकडून तिकडे हलवतो. त्या मोहरीएवढ्या माणसाच्या हातात कोणती बंदूक द्यायची, ती किती लांब मारेल, किती वेळात भरेल, किती भरवशाची — हे मी ठरवते. प्रत्येक बंदुकीला पाच-सहा आकडे आणि खाली दोन ओळींचं वर्णन. जुनी पुस्तकं वाचायची, संग्रहालयांतले फोटो मोठे करून बघायचे. अशा शंभरावर बंदुका मी आकड्यांत बसवल्या असतील. खरी एकही कधी हातात घेतली नाही.

त्या वर्षी आमच्या गेममध्ये एक प्रकरण चीनच्या लढाईचं होतं, हिमालयातलं. बाहेर मार्चचं ऊन, रस्त्यावर डांबर मऊ झालेलं — आणि माझ्या स्क्रीनवर दिवसभर बर्फ. आवाज बंद करून मी तो बघत बसायचे. सावकाश, तिरका, न संपणारा. जेवायला उठले तरी डोळ्यांपुढे पांढरे ठिपके उतरत राहायचे. मेट्रोच्या जिन्यावरून खाली बघितलं तर रिक्षांच्या टपांवरही बर्फ साचलाय असं वाटायचं. त्या दिवसांत मी जागी किती होते आणि स्वप्नात किती, कोण जाणे.

परबकाका — दत्ता परब — आमच्या मुलुंडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. मालवणकडचे, ऐंशीला टेकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. ते फौजेत होते एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्या लढाईत होते, हे मला तेव्हाच कळलं, आणि मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्यांची तेव्हाची रायफल, थ्री-नॉट-थ्री, कशी भरायची, मला बघायचं होतं. त्यांनी लाटणं उचललं. खांद्याला लावलं. आणि उजवा हात — वर, मागे, पुढे, खाली. वर, मागे, पुढे, खाली. दर गोळीनंतर बोल्ट, म्हणजे पुढची गोळी आत ढकलणारा दांडा, असा ओढायचा. हात इतका सहज चालत होता की मला तिथे पोलाद दिसायला लागलं.

मग हात मध्येच थांबला.

त्यांच्याच गावचा गोविंद त्यांच्या पुढे होता, पंचवीस-तीस पावलांवर, एका दगडाआड. ठरलं होतं की काकांनी गोळ्या चालवत राहायचं आणि गोविंदने त्या गोळ्यांच्या आडोशाने मागे यायचं. गोविंद उठला. काकांनी एक गोळी झाडली, बोल्ट ओढला — आणि तो हललाच नाही. आतलं तेल थंडीने घट्ट झालं होतं. त्यांनी तळहाताने ठोकला, दगडाने ठोकला, बुटाच्या टाचेने ठोकला. बोटांची कातडी लोखंडाला चिकटून निघाली. डोकं वर केलं तेव्हा गोविंद आडवा होता.

गावी परतल्यावर त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं. कुणाला पटणार? ज्यांनी आयुष्यात कधी दव सोडून दुसरी थंडी बघितली नाही त्यांना? लोक म्हणाले, सरकारची रायफल कधी थंडीन गोठता काय? गोविंदची धाकटी बहीण, शेवंता, तेव्हा चौदा वर्षांची. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तू भियालंस."

पुढे दोघंही मुंबईला आले. ती लग्न होऊन घाटकोपरला, हे मुलुंडला. पन्नासहून जास्त वर्षं — मधे असून असून किती अंतर? गावकीतल्या लग्नात काका पंगतीला बसले की शेवंताबाई त्या पंगतीतून उठायच्या.

मी ऑफिसात गेले आणि बर्फातल्या थ्री-नॉट-थ्रीला आणखी एक आकडा दिला. उंचावर, कडाक्याच्या थंडीत, ती कधीकधी अडकायची. सैनिक थांबायचा, बोल्टशी झटायचा, डोक्यावर छोटीशी खूण यायची. काकांचं ऐकून जुनी पुस्तकंही पुन्हा काढली होती मी. त्यांत होतं — जुन्या रायफली, घट्ट झालेलं तेल, न हलणारे बोल्ट. होतं सगळं. हे लक्षात ठेव.

तीन आठवड्यांनी तो आकडा काढावा लागला. खेळून बघणाऱ्यांना वाटलं, गेमच बिघडलाय. आमचा प्रमुख म्हणाला, "अगं, बंदूक चाललीच नाही तर लोक शिव्या घालतील. उडव ते." मी उडवलं. वाद घातला नाही. वर्णनाच्या ओळीही मीच नव्याने लिहिल्या — कडाक्याच्या थंडीतही साथ न सोडणारी.

हा माझा गुन्हा आहे असं म्हणायचं नाही मला. तो खेळ होता. खेळात असं चालतं.

पण काका जिन्यात भेटले की विचारायचे, "झालो काय गो माझो बर्फ?" आणि मला 'काढून टाकला' म्हणवेना. जुनी आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर राहिली होती. अशी घरी नेऊन कुणाला दाखवायची नाही, असं सही करून दिलेलं होतं मी. तरी एका रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. ओट्यावर ठेवला. बर्फ पडायला लागला. एक सैनिक थांबला, बोल्टशी झटू लागला. काकांनी स्क्रीनवर बोट टेकवलं, त्या मोहरीएवढ्या माणसावर, आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.

"असोच," ते म्हणाले. "असोच अडकलेलो."

मग विचारलं, "ह्या सगळ्यांका दिसतला?"

मी हो म्हणाले.

चार दिवसांनी ते शेवंताबाईंना घेऊन माझ्या दाराशी उभे. कसे गेले, काय बोलले, मला माहीत नाही. ठेंगण्या, काठाच्या साडीतल्या, ओठ घट्ट मिटलेल्या बाई. त्यांनी ते बघितलं. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना त्यांचा हात पदराआडून बाहेर आला आणि हवेतच — वर, मागे — थांबला. जसा काकांचा थांबला होता तसाच. खोलीत पंखा फिरत होता, खाली कुणी गाडी धूत होतं, आणि आम्ही तिघं बर्फात बसलो होतो. मग त्यांनी आपल्या कपातला चहा बशीत ओतला आणि बशी काकांपुढे सरकवली. "घे, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

त्या वर्षी गणपतीला काका घाटकोपरला गेले. राखीपौर्णिमेला शेवंताबाईंनी बांधलेला धागा मनगटावर होताच, काळा पडला तरी काढला नव्हता. त्यांच्याकडे शेवंताबाईंचे डबे यायला लागले. ऑफिसात मी सांगते ती गोष्ट इथे संपते.

खरं तर गेम तेव्हा बाजारात यायचा होता.

तो आला. शेवंताबाईंच्या नातीने, शर्वरीने, घेतला — आजीला कौतुकाने दाखवायला, की बघ, दत्ताआजोबांची रायफल. आणि त्यात ती अडकलीच नाही. बर्फ गुडघाभर, वारा, आणि बंदुका एकसारख्या चालताहेत. शर्वरीने ते प्रकरण पुन्हा पुन्हा खेळून बघितलं. मग वर्णन वाचून दाखवलं. माझंच.

एका शनिवारी दुपारी दोघी माझ्याकडे आल्या. शर्वरी कॉलेजातली, सरळ मुलगी. म्हणाली, "ताई, तुम्ही आजीला दाखवलं होतं ते वेगळं होतं ना? मी तुमच्या कंपनीलाच विचारते ना, त्यांच्या पेजवर लिहून." तिच्या मनात काही नव्हतं. मी मात्र हिशेब करायला लागले. पेजवर लिहिलं म्हणजे आमच्या प्रमुखाला दिसणार, लॅपटॉप घरी नेलेला कळणार, सही केलेला कागद बाहेर निघणार. नोकरी जाईल — किती पटकन सुचतं ना हे सगळं?

शेवंताबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. "बाय," त्या म्हणाल्या, "माका येकच सांग. खरा खयचा?"

खरं कुठलं. केवढा सोपा प्रश्न. मी म्हणू शकले असते — आजी, विकायला काढलंय ते खोटं, तुम्ही बघितलंत ते खरं. पुस्तकांतही तसंच आहे, थांबा, दाखवते. ती पुस्तकं माझ्या मागच्या कपाटात होती. दोन पावलांवर.

मी म्हणाले, "बाजारातलं खरं, आजी. ते सगळं तपासून केलेलं असतं. तुम्हाला दाखवलं ते — ते काकांच्या समाधानासाठी केलं होतं."

त्यांनी विचारलं, "म्हणजे तेणी सांगल्यान, म्हणान तू केलंस?"

"हो."

हे ते. एवढंच आहे. या एका 'हो'भोवती मी मघापासून फिरते आहे. त्या एका अक्षरात मी परबकाकांना दुसऱ्यांदा भित्रा ठरवलं — आणि आता लबाडही. चौदा वर्षांच्या पोरीने भावाच्या दुःखात ते म्हटलं होतं. मी कशात म्हटलं? सगळं माहीत असताना म्हटलं. त्या उठल्या, पायरीवर चपला चाचपडत घातल्या. शर्वरीने मला सॉरी म्हटलं — तिने, मला.

काका पुढच्या आठवड्यात घाटकोपरला गेले. दार शर्वरीने अर्धं उघडलं आणि आजी झोपलीय म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते. आणखी दोनदा गेले. मग माझ्याकडे आले, खुर्चीत बसले, बराच वेळ गुडघे चोळत राहिले.

"शेवंता तुका काय बोलली काय गो?"

"नाही काका. त्या आल्याच नाहीत माझ्याकडे."

त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं, चूक त्यांचीच असणार — सांगण्यात काहीतरी राहिलं असणार. मग ते मला पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. गोविंद किती पावलांवर होता. दगड केवढा होता. वारा कुठून होता. मी चहा ठेवायला उठले. त्या दिवसानंतर जिन्यात पावलं ओळखून मी वरच थांबायला लागले. असे चौदा महिने. मग काका गेले — झोपेत, सकाळी दूधवाल्याला कळलं. शेवंताबाई आल्या नाहीत. बाराव्यालाही नाही.

तो गेम अजून खेळला जातो. कुठे कुठे, कोण कोण खेळत असेल, देव जाणे. आत्ताही कुणाच्या तरी खोलीत तो बर्फ पडत असेल आणि मोहरीएवढा परबकाका एकामागून एक गोळ्या झाडत असेल, आणि मोहरीएवढा गोविंद सुखरूप मागे येत असेल.

गेल्या महिन्यात मी घाटकोपरला गेले होते. ठरवून. काय बोलायचं ते शब्दन् शब्द घोकून. तीन जिने चढले, बेल वाजवली. शेवंताबाईंनीच दार उघडलं. खूप वाकल्या होत्या, पण ओळखलं लगेच. हात धरून आत नेलं, पंखा लावला, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मी पेला हातात घेऊन तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तू खरा सांगलंस, बाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणी सांगूक नसता. नायतर मी मरापर्यंत तेका भाऊ म्हटलंय असतंय."

हात उबदार होता. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात धुळीचे कण सावकाश, तिरके उतरत होते.

मी पाणी प्यायले. निघते म्हणाले. आणि खाली उतरले.