घरातलं एक मत

हॅल्स्टनबी गावच्या बाजारपेठ वॉर्डातून कौन्सिलवर मेव्हिस गार्बट इतकी वर्षं निवडून येत होत्या की त्यांच्याविरुद्ध उभं राहायला कुणी तयारच नसे. यंदा रोझलिंड पीक उभी राहिली आणि मेव्हिसबाईंना जो तो फितूर वाटू लागला.

आधी पोस्टमन, तो रोझलिंडच्या दारात फार रेंगाळायचा. मग खाटकाची बायको. ती हल्ली फारच गोड बोलायची. शेवटी संशय घरातच शिरला. नवरा क्लिफर्ड प्रचाराला येईना. गुडघा दुखतो म्हणायचा, आणि तोच गुडघा घेऊन रोज गावच्या सामाईक मळ्यातल्या आपल्या भाजीच्या वाफ्यावर जायचा. शेजारचा वाफा रोझलिंडचा होता.

एकदा तो कांद्याच्या जाड पातीची जुडी घेऊन आला.

"ही आपली नव्हे," मेव्हिसबाई म्हणाल्या.

"रोझलिंडनं दिली. तिच्याकडे जास्त झाली होती."

"तिच्याकडे हल्ली सगळंच जास्त होतंय!"

त्यांनी सूप केलं, पण स्वतः चमचाही बुडवला नाही.

मोजणीत दोघींना सारखी मतं पडली. फेरमोजणीतही तेच. अधिकाऱ्यानं दोन नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि एक काढली. रोझलिंड.

परतताना मेव्हिसबाईंनी गाडी रस्त्याकडेला घेतली. "माझ्याकडे बघून सांग. मत कुणाला दिलंस?"

"रोझलिंडला."

संशय खरा ठरला, तरी त्यांना धक्का बसलाच.

"बाजारातली मुतारी बंद करायला तू हात वर केलास," क्लिफर्ड म्हणाला. "ऑपरेशन झाल्यापासून मला सारखं जावं लागतं. बाजारात जाणंच सोडलं मी. तुझ्या लक्षात तरी आलं का?"

"मला सांगायचंस!"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, लेखी अर्ज कर."

हे आपण बोललो होतो, अगदी चहा ओतता ओतता, हे मेव्हिसबाईंना आठवलं. त्यांनी गाडी सुरू केली.

कौन्सिलच्या पुढच्या सभेला त्या क्लिफर्डला घेऊन गेल्या आणि लोकांसाठीच्या खुर्च्यांत, दाराजवळ बसल्या. प्रश्नांची वेळ येताच उभ्या राहिल्या.

"मुतारी कधी उघडणार?"

"विषय विचाराधीन आहे," रोझलिंड कागद चाळत म्हणाली.

असं उत्तर देताना माणसाच्या मनात काय असतं, ते मेव्हिसबाईंना चांगलं ठाऊक होतं.

"तारीख सांगा," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या नाहीत.