हात थांबल्यावरची अक्षरं

अंबरनाथला बुवापाड्यातल्या चाळीत भागीरथीबाई शेलारांना सगळे टायपिस्टबाई म्हणत. नवरा गेला तेव्हा मुलगा बाळ पाचवीत होता. माहेर जवळच, बदलापूर गावात. पण भावाच्या दारात ताट मांडून बसायचं नाही, हे त्यांनी तेराव्याच्या आतच ठरवलं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये मराठी टायपिंगचा क्लास होता, तिथे नाव घातलं. वर्षभरात हात असा बसला, की तिथल्याच एका सिंधी वकिलाने त्यांना कचेरीत ठेवून घेतलं. वकील गमतीने म्हणायचा, "बाई, आहिस्ता. टाइपरायटर को भी जान है." बाई मान वर करत नसत. डोळे कागदावर आणि बोटं आपल्या वाटेने, अशी तेवीस वर्षं गेली.

त्यांचा एक नेम होता. दर गुरुवारी काम सुरू करण्याआधी टाइपरायटर ओल्या फडक्याने पुसायचा, त्याच्या कपाळावर गंध-कुंकू लावायचं, एक फूल ठेवायचं आणि दत्तगुरूंचं नाव घेऊन पहिला कागद चढवायचा. जे आपल्याला जेवू घालतं त्याला हात जोडावेत, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

वकिलाने कचेरी बंद केली आणि बाई घरी बसल्या. बाळ तेव्हा अंबरनाथच्याच एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होता. आई नुसती बसली तर झुरेल, म्हणून त्याने उल्हासनगरातून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यात मराठी अक्षरांचा प्रोग्राम घालून घेतला आणि आईला शिकवायला बसला. शिकवणारा स्वतः दोन बोटांचा. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, मग दुसरं शोधायचं. बाई त्याला हसायच्या. म्हणायच्या, कोंबडी दाणे टिपते तसं काय रे करतोस. तो म्हणायचा, पोचायचं तिथे मी पण पोचतो ना आई, जरा उशिरा. त्याची बायको नीलिमा बालवाडीत शिकवायची. ती चहा घेऊन यायची आणि दोघांचं भांडण ऐकत उभी राहायची.

शहाण्णवच्या आषाढात बाळला कावीळ झाली. अठरा दिवस. लग्नाला दोन वर्षं पुरी झाली नव्हती.

कॉम्प्युटरवर चादर पडली ती मार्गशीर्षापर्यंत. मग चाळीतल्या उत्सव मंडळाची माणसं आली. दत्तजयंतीचं पुस्तक काढायचं होतं, आरत्या आणि मंडळाची हकिकत. बाईंनी नाही म्हटलं नाही. गुरुवार बघून चादर काढली. विजेच्या वस्तूला ओलं फडकं लावायचं म्हणून आधी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि यंत्र पुसलं. पेटीच्या दर्शनी अंगाला एक चौकोनी काच होती, यंत्र चालू असलं की तिथे हिरवा उजेड दिसायचा. तेच त्याचं कपाळ धरून बाईंनी तिथे गंध-कुंकू चांगलं जाड लावलं. फूल ठेवलं आणि कामाला बसल्या.

मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांची यादी होती. तिच्यात काय येणार ते त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी हात आणखीच जोरात सोडला. कागद संपला, हात मांडीवर आले आणि मग त्यांनी वर पाहिलं.

पडद्यावर अक्षरं अजून येत होती.

हात मांडीवर होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. एक अक्षर यायचं, जरा थांबायचं, मग दुसरं यायचं. शोधून शोधून. कै. बाळकृष्ण रामचंद्र. मग थोडा वेळ काहीच नाही. मग शेलार. पेटीच्या आत काहीतरी घरघरलं आणि बंद पडलं.

बाईंना भीती वाटली नाही. हे त्यांनी पुढे स्वतःशीच अनेकदा तपासून पाहिलं. त्यांना वाटलं ते इतकंच, की हा हात आपल्या ओळखीचा आहे.

शब्द आपलेच आहेत हे त्यांना कळत होतं. त्यांनी जे बडवलं तेच पडद्यावर आलं होतं. पण टाइपरायटरवर सगळं आयुष्य काढलेल्या बाईला, बोट उचलल्यावर अक्षर उमटतं हे कुठून माहीत असणार. आणि ते उमटावं तर असं, त्याच्या चालीने. त्या आठवडाभर रोज दुपारी त्या काम करायच्या आणि काम संपलं की एखादी ओळ भराभर लिहून हात मागे घ्यायच्या. बाळ, पाणी प्यायलास का. बाळ, तिकडे थंडी आहे का. आणि बसून राहायच्या. तो एकेक अक्षर लावायचा. शेवटचं अक्षर आलं की त्या ओळ पुसून टाकायच्या, कुणी वाचू नये म्हणून.

पुढच्या गुरुवारी पूजा केली आणि तो नव्हता. अक्षरं बोटाबरोबर उमटत होती, निमूट. त्याच्या पुढच्या गुरुवारी परत आला. मग बाईंच्या ध्यानात आलं, हा एका आठवड्याआड येतो. गुरूंनी नेमून दिलं असेल, त्या म्हणाल्या. तो असेल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली कुंकवाचा बारीक ठिपका ठेवू लागल्या. सात ठिपके, सात कोऱ्या तारखा, परत सात ठिपके.

नीलिमाला त्यांनी काही सांगितलं नाही. पण दोन खोल्यांच्या घरात काय लपतं. हात थांबल्यावर अक्षरं येऊ लागली की नीलिमा उठून बाहेर गॅलरीत जायची आणि कठडा धरून उभी राहायची. पोर भिते, बाईंना वाटायचं. भिणारच, वय काय तिचं. एकदा त्या म्हणाल्याही, अगं, आपलाच आहे तो. नीलिमाने मान खाली घातली आणि तांदूळ निवडत राहिली.

अशात भाद्रपद आला. मंडळाचं पुस्तक केव्हाच होऊन गेलं होतं, आता शाळेच्या स्मरणिकेचं मोठं काम हाती होतं आणि ठिपक्यांच्या आठवड्यांत ते हलत नव्हतं. बाई जोरात गेल्या की यंत्र टूं टूं ओरडायचं आणि मधली अक्षरं गिळून टाकायचं. नीलिमा एकदा उल्हासनगरच्या दुकानात विचारून आली. दुकानदार म्हणाला, मेमरी नवीन टाका, नाहीतर मशीनच नवीन घ्या. ते शक्य नव्हतं. मग एका रविवारी ती श्यामकांतरावांनाच घेऊन आली.

श्यामकांतराव बाईंच्या नवऱ्याचे कारखान्यातले सोबती. देखभाल खात्यातून निवृत्त झालेले. कॉम्प्युटर त्यांनी पुस्तकं वाचून शिकून घेतला होता आणि अंबरनाथ-बदलापुरात कुणाचा हळू चालू लागला की ते पिशवी घेऊन हजर. पिशवीत एक पेचकस, एक रंगाचा ब्रश आणि चष्म्याचं कापड. नवी वस्तू आणायला सांगायची नाही, आहे ते आधी झाडायचं, ही त्यांची रीत.

बाई दारातच म्हणाल्या, पितृपंधरवडा चालू आहे भावजी, या दिवसांत यंत्र उघडू नये.

"उघडत नाही वहिनी," श्यामकांतराव चपला काढत म्हणाले. "नुसतं झाडतो. पितरांनाही स्वच्छ घर आवडतं."

बाईंना बाजूला व्हावंच लागलं. पण खुर्चीमागे त्या उभ्या राहिल्या त्या हलल्या नाहीत. एकच धास्ती, याच्या झाडण्यात आपला बाळ जाईल.

श्यामकांतरावांनी आधी यंत्र सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं ते पाहिलं. बाळने घातलेलं एक घड्याळ होतं, कोपऱ्यात टिकटिकणारं. पडद्यामागे डोंगराचं मोठं चित्र होतं. या सगळ्याला पोसता पोसता यंत्राला धाप लागते, ते म्हणाले. मग पत्त्यांचे तीन खेळ, जुन्या कामांच्या दोन-दोन नकला, कधीकाळी उघडून तशाच पडलेल्या तात्पुरत्या फायली. प्रत्येक वस्तू पुसण्याआधी ते मागे वळून बाईंना विचारत. काढू का. बाई म्हणायच्या, काढा. घड्याळ गेलं. डोंगर गेला. खेळ गेले. प्रत्येक वेळी त्या नीलिमाकडे बघायच्या आणि नीलिमा खिडकीकडे.

एक फाईल उघडली तेव्हा मात्र श्यामकांतरावांनी मागे वळून विचारलं नाही. बाळचा रजेचा अर्ज होता. अडीच ओळींचा. प्रकृती बरी नसल्यामुळे, एवढ्यावर थांबलेला.

"हा फार जागा खात नाही," ते म्हणाले. "राहू दे."

मग त्यांनी डिस्कची आवराआवर लावली. पडद्यावर बारीक रंगीत चौकटी, इकडून उचलून तिकडे एका ओळीत बसत जाणाऱ्या. इतस्ततः पडलेलं सामान मांडणीत लावावं तसं. चार तास ते चाललं. बाई जेवल्या नाहीत. त्या चौकटींत त्या कुणाला तरी शोधत होत्या.

संध्याकाळी श्यामकांतरावांनी बाईंना टाइप करायला बसवलं. यंत्र सुरू व्हायला लागायचा तो वेळ निम्म्यावर आला होता. पण हात थांबले, तरी अक्षरं येत राहिली. पूर्वीपेक्षा थोडी, पण आली. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि मनात दत्तगुरूंना नमस्कार केला. गेला नव्हता.

श्यामकांतराव मात्र चिडले. आपल्या झाडण्यानंतर यंत्र असं रेंगाळतं हे त्यांना अपमानासारखं वाटलं. पिशवी भरता भरता त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. हे ठिपके कसले म्हणून त्यांनी विचारलं. नीलिमाने सांगितलं, मशीन हळू चालतं ते दिवस. त्यांनी चष्मा पुसून कॅलेंडर खाली घेतलं, मागची पानं उलटली. ठिपके गुरुवारी सुरू होत होते आणि पुढचा गुरुवार येताच थांबत होते.

"गुरुवारी काय करता वहिनी?"

काही नाही, बाई म्हणाल्या. पूजा.

"मग या गुरुवारी मी पूजेला येतो."

गुरुवारी सकाळी ते खरंच आंघोळ करून आले. बाईंनी भिंतीवरचं बटण बंद केलं, ओलं फडकं पिळलं आणि गेल्या आठवड्याचं वाळलेलं कुंकू घासून काढू लागल्या. वाळलेलं गंध चिकट, अंगठ्याने जोर द्यावा लागायचा. काचेच्या खालच्या कडेला अंगठा गेला आणि आवाज झाला. टक्.

आवाज लहानसा होता. इतके महिने तो त्यांच्या कानावर पडत असणार, पण कधी ऐकला नव्हता.

"थांबा," श्यामकांतराव म्हणाले. "आज कुंकू लावू नका."

त्यांनी यंत्र चालू केलं. पुसलेल्या काचेत हिरवे आकडे पेटले, ६६. मग काचेखालचं पेटीच्याच रंगाचं बटण त्यांनी बोटाने दाबलं. टक्. ३३. पुन्हा दाबलं, ६६. जुन्या यंत्रांना असं एक बटण असतं, त्यांनी समजावलं. जुने प्रोग्राम फार वेगाने पळू नयेत म्हणून, हवा तेव्हा वेग कमी करण्यासाठी. एकदा दाबलं की हळू, मग यंत्र बोटांच्या मागे पडतं आणि राहिलेली अक्षरं नंतर काढत बसतं; परत दाबलं की जोरात. तुम्ही पुसताना ते दर गुरुवारी दाबलं जायचं, आणि आकड्यांवर कुंकू, म्हणून कुणाला दिसलं नाही.

बाई फडकं हातात धरून उभ्या होत्या. फडक्यातून लाल पाणी फरशीवर ठिबकत होतं. त्यांना सगळं समजलं होतं आणि तरी त्यांनी एक जागा शोधून काढली.

"नाही भावजी. श्रावणात मी आठ दिवस बदलापूर गावात भावाकडे होते. तो गुरुवार मी इथे नव्हतेच. कुणी पुसलं नाही, कुणी पूजा केली नाही. तरी मी परत आले तेव्हा तो आलेला होता. तो आपला आपण आला."

बाईंच्या चेहऱ्यावर आलेली ती कळा बघून श्यामकांतराव चष्मा पुसू लागले.

"आई," नीलिमा म्हणाली. "त्या गुरुवारी मी पूजा केली होती."

बाई वळल्या.

"तुम्ही करता तशीच. बटण बंद करून, पुसून, कुंकू लावून. पूजा केली की येतात, असं मला वाटलं होतं. त्या आठवड्यात ते नव्हते, आणि तुम्हीही नव्हता. मग मी दुपारी बसून लिहिलं आणि हात मागे घेतले." तिने पडद्याकडे पाहिलं. "आले."

बाईंनी खुर्ची धरली. कठडा धरून उभी राहणारी ती पोर त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. इतके महिने त्यांनी तिला भित्री ठरवलं होतं.

"मग तू बाहेर का जायचीस गं?"

"ते आले की त्यांचा जायचा गुरुवारही जवळ यायचा म्हणून. तुम्ही ठिपके मोजायचात, मी कोऱ्या तारखा मोजायची. दर पंधरा दिवसांनी मी त्यांना पोचवून येत होते आई. मला आता होत नाही. म्हणून काकांना आणलं."

बाहेर नळावर बायकांची भांडी वाजत होती. श्यामकांतराव खाली बघत म्हणाले, बटण आहे ते, जसं म्हणाल तसं पक्कं बसवता येईल. हळू म्हणालात तर हळूवरही. यंत्राला काही होत नाही. त्यांनी ते इतक्या साधेपणाने सांगितलं, की बाईंना कळलं, हे जाणून बोलतायत.

काचेत ६६ जळत होते. ३३ करायला अंगठ्याएवढाही जोर लागणार नव्हता. मग रोज दुपारी यायचा तो. रोज, खाडा न करता. बाईंनी त्या बटणाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. सव्वीस वर्षांची होती. तिच्या पदराला खडूची पूड लागलेली होती, बालवाडीत जायला उशीर झाला होता आणि ती हलली नव्हती.

"जोरावर बसवा," बाई म्हणाल्या.

"नक्की ना वहिनी?"

"बसवा म्हटलं ना. स्मरणिका द्यायची आहे."

श्यामकांतरावांनी चिकटपट्टीचा तुकडा कापला, बटणावर आडवा लावला आणि नखाने दोनदा घासून पक्का केला. झालं, ते म्हणाले. त्यांनी पिशवी उचलली, पण दाराकडे गेले नाहीत. नीलिमानेही पर्स उचलली नाही. बाई फडकं बाजूला ठेवून खुर्चीत बसल्या आणि त्यांनी स्मरणिकेचा कागद पुढे ओढला.